सात वर्षं बंद असलेली बरणी

चौथा नियम मी लिहिलाय. आधीच सांगून टाकते, मागाहून कोणी उकरून काढायला नको. "बरणीचं वय सांगायचं असेल तर झाकण उघडून आतल्या तारखेच्या चिठ्ठीचा फोटो टाकावा." परीक्षेच्या आदल्या दिवशी लिहिला होता, आणि काय झक्कास वाक्य जमलंय म्हणून स्वतःवरच खूश झाले होते!

गट बरण्यांचा आहे, फोनवरचा. काचेच्या बरणीत खडे, माती आणि भिंतीवरचं हिरवं मॉस घालायचं, पाणी शिंपडायचं, झाकणाला आतून तारखेची चिठ्ठी चिकटवायची, झाकण मेणाने बंद करायचं आणि मग हात लावायचा नाही. आतलं पाणी आतच फिरतं, मॉस वर्षानुवर्षं जगतं. गट काढला माझ्या मावशीने. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते, चष्म्याच्या दुकानात काचा घासते. पहिल्या वर्षी अकरा माणसं, जॅमच्या रिकाम्या बरण्या आणि "तुमचं पिवळं का पडलं हो?" एवढंच. मग तीनशे झाले. कोणी दिवे लावले, कोणी इटुकली प्लास्टिकची हरणं ठेवली. मग चार हजार, आणि मॉसपेक्षा फोटोच मोठा. काचेवरचं धुकं फोटोत वाईट दिसतं म्हणून लोक झाकण काढून काच पुसायला लागले. मॉस मेलं की नवं भरायचं आणि "पाच वर्षं जुनी" म्हणून मिरवायचं! म्हणून तर माझा नियम. मावशीने कारभार कधीच सोडला होता. 'हिरवागार' नावाच्या नव्या प्रमुखाने मला मदतनीस केलं, तेव्हा मी आठवडाभर शाळेत हवेत होते.

गेल्या शनिवारी मावशीने दोन वर्षांनी पहिल्यांदा फोटो टाकला. सात वर्षं न उघडलेली बरणी. खाली एकाने लिहिलं, "थापा." दुसऱ्याने, "आजी, चिठ्ठी कुठाय?"

आजी! मावशी बेचाळीस वर्षांची आहे!

मी हिरवागारला फोन लावला. "अहो, हा गटच तिने काढलाय!"

"असेल. नियम सगळ्यांना सारखा."

"उघडली तर बुरशी शिरेल. सात वर्षं पाण्यात!"

"मग सात वर्षं असं लिहू नये. संध्याकाळपर्यंत चिठ्ठी दाखवा, नाहीतर काढून टाकतो. आणि ताई, नियम तुमचाच ना?"

ताई म्हणे! अंगाचा नुसता तिळपापड झाला. फोन तिथेच फेकून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. मावशी स्वयंपाकघरात बरणी मांडीत धरून सुरीने मेण खरवडत होती.

"वेड लागलंय का तुला?"

"हळू बोल. हात हलेल."

"त्या टिनपाट लोकांसाठी उघडतेस?"

"मला थापाडी म्हणतात गं. मला!"

मी बरणी हिसकावून ओट्यावर ठेवली. तिचाच फोन उचलला आणि तिच्याच नावाने लिहिलं, "बरणी उघडणार नाही. चौथा नियम मूर्खपणाचा आहे, तो लिहिणारी मूर्ख आणि राबवणारा महामूर्ख. तुमच्यातल्या एकाला तरी मॉस कळतं का?"

चार मिनिटांत मावशी गटाबाहेर.

"बघ! सुटलीस!" मी म्हटलं.

तिने शांतपणे वाचलं. "मी सांगितलं होतं तुला?"

"अगं, पण बरणी वाचली ना!"

"बरणी माझी होती. उघडायची की नाही ते माझं मी बघितलं असतं. दुकानातून आले की मी रोज तिथे डोकावते. एक अक्षर लिहीत नाही, नवी मुलं काय विचारतात ते वाचते. आता कुठे डोकावू?"

मी जास्तच भडकले. "मग जा, पाया पड त्यांच्या!"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या अकरांतल्या प्लंबरकाकांना फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवून मेण कोमट करायला घेतलं.

"अहो, मला हाकललं."

"तुम्हालाही? मला उन्हाळ्यातच काढलं! फोटो अंधारा होता म्हणे." दोघं हसले. हसले! माझं डोकं फुटायची वेळ आली होती. "रविवारी येतो बरणी घेऊन. बाकीच्यांनाही विचारू?"

"विचारा की."

"मीपण येते," मी म्हटलं.

मावशीने खरवडलेल्या जागी बोटाने मेण दाबलं. "तू नको. तू नियम करशील."

मी दार आपटलं, इतकं जोरात की खालून आई ओरडली.

रविवारी पाच माणसं बरण्या सांभाळत जिना चढली. मी आमचं दार उघडं टाकून उंबऱ्यातच बसले. कोणी हाक मारली असती तरी गेले नसते. कोणी मारली नाही.