जुन्या तेलाचा वास

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या माळावर थंडी कडाडली, तशी रेनडिअर राखणारी बिरेत हट्टालाच पेटली. तिने बर्फावरच्या गाडीच्या, स्नोमोबाइलच्या टाकीतलं इंजिनाचं जुनं तेल थेंबन्‌थेंब डब्यात काढलं आणि नवं, बिनवासाचं सिंथेटिक तेल ओतलं. जुनं तेल गारठ्यात काकवीसारखं घट्ट व्हायचं. इंजिन सुरू करायला रोज दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ यायची.

"नव्याचे नऊ दिवस!" मिक्केलकाका म्हणाले. "आपले रेनडिअर जुन्या तेलाच्या वासामागे चालतात. तुझ्या बिनवासाच्या गाडीला कोण विचारतंय?"

सकाळी बिरेतची गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. पण कळपाच्या म्होरक्याने हवा हुंगली आणि सरळ पाठ फिरवली. त्याच्यामागे अख्खा कळप वळला.

आपल्या गाडीची दोरी ओढता ओढता काका खो खो हसले. "बघ! सांगत होतो ना?"

बिरेतने दात-ओठ खाल्ले, पण इंजिन बंद केलं नाही. डब्यातल्या जुन्या तेलात तिने एक पोतं बुडवलं आणि गाडीमागे जोडलेल्या ओढगाडीला बांधलं. म्होरक्या थबकला, पुन्हा हुंगून मुकाट्याने तिच्या गाडीमागे चालू लागला.

काकांची गाडी अजून खोकतच होती.

"काका, बसा मागे!" बिरेत ओरडली. "पोतं वाळलं, तर तुमच्या कोटालाही तोच वास आहे!"