शनिवारच्या नाश्त्याला

"आपण कुठं चाललोय गं?"

हेडफोनमधून गुरुदत्तचा आवाज आला तेव्हा पद्मिनी खाली नदीकडे बघत होती. थट्टा असेल असं समजून ती हसली. विमानात बसला की त्याच्या थट्टेला ऊत येई. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. हात कंट्रोलवर होते, नजर समोर होती, आणि परक्या गावात रस्ता चुकलेल्या माणसासारखा तो उत्तराची वाट बघत होता.

"नाश्त्याला," ती म्हणाली. "शनिवार ना आज. वॉल्टचं विमान पुढं गेलंय."

"हो, हो. वॉल्ट."

पण विमान हळूहळू डावीकडे झुकत चाललं होतं आणि ते त्याच्या ध्यानातही आलेलं दिसत नव्हतं.

वेस्ट विंडसरच्या त्यांच्या घरापासून जवळच एक छोटा विमानतळ होता. तिथल्या हौशी वैमानिकांचा हा ग्रुप. शनिवारी सकाळी पाच-सहा छोटी विमानं निघायची, पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्यातरी तशाच छोट्या विमानतळावर उतरायची. तिथल्या डायनरमध्ये अंडी, पॅनकेक, कॉफी, गप्पा, आणि जेवायच्या वेळेला मंडळी आपापल्या घरी. गुरुदत्तची सारी नोकरी औषध कंपनीत गेली. पंचेचाळिशी गाठल्यावर त्यानं विमान शिकायचं काढलं तेव्हा पद्मिनीनं अबोला धरला होता. तो बधेना, तेव्हा तिनं एकच अट घातली. जिथं जाल तिथं मी शेजारी बसणार. पडलो तर दोघं पडू.

ती अट तिनं आजवर पाळली होती. निदान उतरवायचं तरी शिकून घे, मला वर काही झालं तर, असं गुरुदत्त कितीदा म्हणाला. तुम्हाला काय होतंय, असं म्हणून ती बॅगेतली कादंबरी काढून वाचत बसे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिनं आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं होतं. घरच्या माणसाची तपासणी मात्र तिला जमली नव्हती. गेलं वर्षभर तो चहा पिऊन झाल्यावर पुन्हा आधण ठेवत होता. जुन्या मित्राचा फोन आला तर आवाज न ओळखता ‘हो, हो’ करत होता. सनीव्हेलला असलेल्या लेकीला, इलाला, तिनं हे सांगितलं. "मॉम, ही नीड्स टू सी अ न्यूरोलॉजिस्ट," इला म्हणाली. गुरुदत्तनं अपॉइंटमेंट दोनदा कॅन्सल केली. डॉक्टरनं एक शब्द लिहिला की माझं उडणं संपलं, असं तो दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा त्याच्या आवाजातली विनवणी ऐकून पद्मिनीनं विषय सोडून दिला होता.

आता समोर इतके काटे आणि बटणं होती, आणि त्यातलं एकही तिला वाचता येत नव्हतं. आपण किंचाळलो तर हा घाबरेल, एवढंच तिला कळत होतं. तिनं मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि भाजी चिरताना बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, डावीकडे जातोय आपण. वॉल्टच्या मागे चला ना. तो बघा, पांढरं दिसतंय ते."

गुरुदत्तनं विमान सरळ केलं. कानात वॉल्टचा आवाज आला, विमानतळ दिसतोय, मी उतरतोय. त्या आवाजासरशी गुरुदत्तच्या हातात कुठून काय आलं देव जाणे. त्यानं वेग कमी केला, वळण घेतलं, रेडिओवर जे बोलायचं ते बोलला, आणि चाकं जमिनीला इतकी अलगद टेकली की तिला कळलंही नाही. इंजिन बंद करून तो तिच्याकडे वळला.

"अशी काय बघतेस?"

त्याला काही आठवत नव्हतं.

डायनरमध्ये गुरुदत्त रंगात आला. पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलं तेव्हा घाबरून आपण कंट्रोल टॉवरशी मराठीत बोललो, ही त्याची ठेवणीतली गोष्ट त्यानं सांगितली. सगळे हसले. कॉफी पुन्हा भरली गेली आणि त्यानं तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. सगळे पुन्हा हसले, अगदी तितकंच. आत्ताच सांगितलीस की, असं एकानंही म्हटलं नाही. पद्मिनीनं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. यांना सगळ्यांना माहीत होतं.

तिनं वॉल्टला खुणेनं बाहेर बोलावलं. वॉल्ट म्हणजे रिटायर झालेला शाळेचा प्रिन्सिपल, गुरुदत्तचा सगळ्यात जुना उडता मित्र. वर काय घडलं ते तिनं इंग्रजीत सांगितलं. वॉल्ट आपल्या टोपीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ऑगस्टमध्ये गुरुदत्त भलत्याच बाजूनं धावपट्टीवर यायला निघाला होता. तेव्हापासून आम्ही एक विमान त्याच्या पुढं आणि एक मागं ठेवतो. तो वर असला की मी रेडिओवर जरा जास्तच बोलतो.

"मग मला का नाही सांगितलंस? मी त्याच्या शेजारी बसते, वॉल्ट."

"मला वाटलं, तुला माहीत आहे. तू प्रत्येक वेळी येतेस, म्हणून."

वॉल्टच्या मागं उभ्या विमानांचे पंख उन्हात चमकत होते. वॉल्टनं विचारलं, त्याला कोण सांगणार, तू की मी? मीच, ती म्हणाली.

गुरुदत्त बिल देऊन कधीच विमानापाशी पोहोचला होता. काचेच्या नळीत थोडं पेट्रोल घेऊन, त्यात पाणी नाही ना हे तो उन्हाकडे धरून बघत होता. त्याचं होईपर्यंत ती थांबली.

"अहो, परत जाताना वॉल्टला चालवू द्या."

"का? बरं नाही का त्याला?"

"येताना वर असताना तुम्ही मला विचारलंत, आपण कुठं चाललोय."

गुरुदत्त हसायला गेला. तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"मी विचारलं?"

"हो."

नळी अजून त्याच्या हातात होती. त्यानं पुन्हा एकदा तिच्यात बघितलं, जणू काही चुकून राहिलंय.

"तू घाबरलीस?"

इतक्या वर्षांत, ढगांत विमान गदगदा हलत असतानाही, या प्रश्नाला तिनं कधी होकार दिला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "खूप घाबरले."

त्यानं वाद घालावा, निदान चिडावं, असं तिला फार वाटत होतं. त्याची तयारी तिनं केली होती. पण त्यानं मान हलवली, नळी पुसून जागेवर ठेवली, आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या दारानं आत चढला. पद्मिनी मागच्या सीटवर बसली. वॉल्टचं विमान आणायला ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाचीतरी सोय झाली. वाटेत वॉल्ट अधूनमधून उगाच काहीतरी विचारत होता, गुरुदत्त बरोबर उत्तरं देत होता. एकदाही चुकला नाही. मागून तिला त्याचं फक्त टक्कल आणि हेडफोनची पट्टी दिसत होती. आपण घाई तर केली नाही ना, असं तिच्या मनात येऊन गेलं. डोळे मिटले की तो प्रश्न पुन्हा ऐकू येई.

उतरल्यावर गुरुदत्तनं फडकं घेऊन पंखांच्या कडेवर चिकटलेले किडे पुसून काढले. वॉल्ट मदतीला सरसावला, त्याला त्यानं हातानंच थांबवलं. दोन्ही पंख झाले, पुढची काच झाली, तरी तो पुसत होता. बाकीची मंडळी निरोप घेऊन गेली. वॉल्टनं जाताना गुरुदत्तच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या शनिवारी भेटू, असं या वेळी तो म्हणाला नाही.

दोघं पार्किंगमध्ये आली. गाडीबद्दल पद्मिनी एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या डोक्यातही नव्हतं. गुरुदत्तनं खिशातून किल्ली काढली, तिच्या हातात दिली, आणि उजवीकडचं, ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार उघडून बसला. बेल्ट लावून, हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिला.

ती त्याच्या जागेवर बसली. पाय पेडलपर्यंत पोहोचेनात. तिनं सीट पुढं ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला, आणि गुरुदत्त गाडी कधी सुरू होते याची वाट बघत बसून राहिला.