इथे जन्मलेल्यांचा संघ

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बिंडारात क्रिकेटचा सामना असतो, इथले विरुद्ध उपरे. ज्याचा जन्म बिंडाराच्या हॉस्पिटलात झाला तो इथला. बाकी सगळे उपरे, मग तुम्ही जन्मभर इथल्या मेंढ्या कातरा नाहीतर चर्चचे पाद्री व्हा. माझा नवरा क्लेम इथल्यांचा कप्तान आणि मी उपरी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई "ही क्लेमची उपरी" अशीच माझी ओळख करून द्यायच्या. पुढे त्याच क्लेमच्या संघातली निम्मी पोरं मी जगात आणली. मी नोरीन, गावची सुईण. म्हणजे होते. आता जखमा बांधते, रक्तदाब मोजते आणि साप चावलेल्याला डॉक्टरांचं विमान येईपर्यंत धीर देते.

आमचा प्रसूती विभाग सरकारने तात्पुरता बंद केला, त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. तिथलं शेवटचं बाळ माझंच, टॅम्सिन. बाळंतीणही मी आणि सूचना देणारीही मीच, कारण हाताखालची पोरगी पार गांगरून गेली होती. त्या खोलीत हल्ली मोडक्या खुर्च्या आणि नाताळचं सजावटीचं सामान असतं. तेव्हापासून इथल्यांच्या संघात नवीन भरती नाही. टॅम्सिन सगळ्यात लहान, आणि तिच्याएवढा वेगाने चेंडू टाकणारा दुसरा कोणी उरलेला नाही. बाकीच्यांचे गुडघे पट्ट्यांच्या जोरावर चालतात. मध्यंतरी पबवाल्या बर्नीने सुचवलं, की जन्म राहू द्या, गर्भ इथे राहिला असेल तरी इथला धरू. त्यावर इतक्या लोकांचे चेहरे पडले की क्लेमने घाईघाईने सभा संपवली.

मग टॅम्सिनलाच दिवस गेले. आमच्याकडच्या बायकांना बाळंतपणाआधी महिनाभर शहरात जाऊन राहावं लागतं. गाडीने सहा तास. तिथे भाड्याच्या खोलीत राहायचं आणि पोट सांभाळत मॉलमधून हिंडायचं, कारण ओळखीचं कुत्रंसुद्धा नसतं. टॅम्सिन माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, आणि मान वर न करताच म्हणाली, "आई, मला नाही जायचं. इथेच होऊ दे बाळ. तुझ्या हातून."

मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. रात्रंदिवस मात्र मला तेच दिसायला लागलं. सत्तावीस वर्षांत माझ्या हातात एक ओलं, कोमट, चिडलेलं बाळ आलेलं नाही. लोकांना वाटतं सुईणीला सवय होते. सवय होत नाही, भूक लागते.

जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, आरोग्य खात्याच्या व्हेरिटी लोमॅक्सबाई सभेला आल्या. गावाने खोबऱ्यात घोळवलेले केक केले होते, कारण सरकारशी भांडायचं असलं तरी उपाशी पोटी भांडायची आमच्यात पद्धत नाही. बाईंनी पडद्यावर आलेख दाखवले. शहरातल्या नव्या इमारतीत प्रसूतीसाठी कोमट पाण्याचे हौद होणार होते, भिंतींचे रंग बायकांना विचारून ठरवले होते. आणि बिंडारातल्या बायकांची वर्षाला जेमतेम अकरा बाळंतपणं. एवढ्याशा आकड्यासाठी विभाग चालवणं परवडत नाही, असं त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं.

मी उभी राहिले. "अकरा म्हणजे पूर्ण संघ झाला की. दरवर्षी एक आख्खा संघ आम्ही शहरात जन्माला पाठवतो, आणि तुम्ही म्हणता आकडा लहान आहे."

लोक हसले. बाईही हसल्या. पण नंतर गाडीपाशी त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, की भूलतज्ज्ञ इकडे यायलाच तयार नाहीत, आणि रात्री एखादीचं पोट उघडायची वेळ आली तर काय करणार? त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यामुळे मला धड रागावताही येईना. विभाग नाही म्हणून डॉक्टर येत नाही, डॉक्टर नाही म्हणून विभाग उघडत नाही. पैसे मात्र हौदांसाठी असतात. मी सगळं आयुष्य या कामात घालवलंय. माझ्याच मुलीला मी धोक्यात घालणार नव्हते. मी एकच मागितलं. हॉस्पिटलात मी एकटीच नर्स. नाताळच्या सुमारास माझ्या जागी बदली नर्स द्या, म्हणजे मी शहरात मुलीपाशी राहीन. बाळ दुसऱ्या कोणी हातात घेतलं तरी मी खोलीत असेन.

"तेवढं मी नक्की करते, नोरीन," त्या म्हणाल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला टॅम्सिन गेली. तिचा नवरा रोवन दूरच्या खाणीवर कामाला, त्याला नव्या वर्षाशिवाय सुट्टी नव्हती. क्लेम म्हणाला मी जातो. त्यावर ती म्हणाली, "बाबा, मेंढी विताना तू गोठ्याबाहेर जाऊन उभा राहतोस. तू नकोस, आईला पाठव." मी बॅग भरून दाराशी ठेवली.

नाताळच्या आदल्या दिवशी व्हेरिटीबाईंचा फोन आला. शहरातच सणासुदीला नर्स कमी पडल्या होत्या, आमच्यासाठी निघालेली तिकडेच थांबवून घेतली होती. त्या खरोखर ओशाळल्या होत्या. मी म्हणाले, तुमचं ओशाळणं माझ्या जागी कामाला पाठवा.

दार लावून निघून गेले असते तर कोणी मला फासावर चढवलं नसतं. पण बर्नीच्या छातीत दुखत होतं, शाळेमागच्या घरातल्या पोराचा दमा उठला होता, आणि पुढचं हॉस्पिटल दोन तासांवर. मी राहिले. बॅग दाराशीच होती. येता-जाता मला तिचा इतका संताप यायचा की शेवटी क्लेमने ती पलंगाखाली सरकवली.

सामन्याच्या दिवशी नेहमीचंच ऊन. मैदान हॉस्पिटलच्या समोर, त्यामुळे दारावर लक्ष ठेवून मी सीमारेषेपाशी बसले होते. इथल्यांचे दहाच होते. अकरावी टॅम्सिन, तिची जागा क्लेमने रिकामी ठेवली होती, उपऱ्यांनी देऊ केलेला माणूस त्याने घेतला नाही. आणि फोन वाजला. टॅम्सिन. दहा दिवस आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि ती प्रसूतीच्या खोलीत पोचलीसुद्धा होती.

मी पाण्याच्या टाकीच्या उंचवट्याकडे पळाले. तिथेच काय तो आवाज नीट येतो. एकमेकांचे चेहरे दिसावेत इतकं नेटवर्क आमच्या वाट्याला अजून आलेलं नाही. तिच्या श्वासांवरूनच मला कळलं की आता वेळ नाही. मी फोनमध्ये तेच बोलत राहिले जे आयुष्यभर बोलले, हळू, आता थांब, आता नको जोर लावूस, आता लाव. माझा मोकळा हात आपोआप पुढे झाला होता. खाली खेळ थांबला. क्लेम बॅट घेऊनच वर आला, त्याच्यामागे एकेक करून सगळे आले, इथले आणि उपरे. मी फोनचा आवाज मोठा केला.

टॅम्सिन एकदा "आई" म्हणाली. मग बाळ रडलं.

मी पडून राहा म्हणून बजावलेला बर्नीही वर आला होता, तो डोळे पुसायला लागला. मी विचारलं, "रंग कसा आहे? हातपाय हलवतंय ना? खाली रक्त किती जातंय?" तिकडची सुईण कोवळ्या आवाजाची होती, पण हुशार होती. तिने सगळं नीट सांगितलं. मुलगी आहे, दोघी छान आहेत. मग म्हणाली, "आजी, आता ठेवते हं, बाळाला आईच्या छातीवर द्यायचंय."

फोन बंद झाला. क्लेमने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कोणावर गेलीय गं?"

"आवाज खणखणीत आहे," मी म्हणाले. "बाकीचं मला कुठे दिसलं, क्लेम?"