घडीवरचं कुंकू

कॉलनीत मला 'झंडेवाले सर' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं ऐकू येण्याइतके माझे कान अजून शाबूत आहेत. अठ्ठावीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवला, एनसीसी सांभाळली, दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडा चढवला. त्यामुळे कुठे झेंडा चुकीचा दिसला की माझं डोकं फिरतं. देवास गेटजवळच्या एका हॉटेलवाल्याने फाटका झेंडा महिनोन्महिने तसाच फडकत ठेवला होता. त्याच्याशी मी भर बाजारात भांडलोय. एका रिक्षावाल्याने तर उलटा बांधला होता. "अंकल, देशप्रेम है," म्हणाला. "तो फिर सीधा बाँध," म्हटलं, आणि बांधून होईपर्यंत हललो नाही. आमची ही म्हणायची, "अहो, तुम्हाला माणसांपेक्षा कापड जास्त प्रिय." ही म्हणजे चारुलता, माझी बायको.

आमचे पूर्वज शिंद्यांच्या कचेरीत कारकुनी करायला इकडे हिंदी मुलखात आले. पुढच्या पिढ्यांनीही बँक, रेल्वे, शाळा यापलीकडे काही धाडस केलं नाही. त्या घरात आमचा मुलगा अनय जन्मला, आणि इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून फौजेत भरती झाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. फौजेतली माणसं आपणहून गेलेली असतात, हे लोक विसरतात आणि मग मला राग येतो. सुट्टीवर आला की चारू त्याला दारातच थांबवायची. भाकरतुकडा ओवाळून टाकायची, कपाळाला कुंकू लावायची, मगच आत घ्यायची. तो हसत उभा राहायचा. "आई, ट्रेनमध्ये समोसे खाल्लेत, नजर लागायला जागाच नाहीये," म्हणायचा.

चार वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. त्यात तो गेला.

चक्रतीर्थाच्या स्मशानात अग्नी देण्याआधी जवानांनी त्याच्यावरचा झेंडा उतरवला, घडी केली आणि माझ्या हातांवर ठेवला. केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्याखाली दुमडलेली, वर चक्र. मी शाळेत हजार वेळा करून घेतलेली घडी. ती दोन्ही तळव्यांवर धरून मी घरी आलो. दारात चारू ताट घेऊन उभी होती. सुतक लागलेलं, घर माणसांनी भरलेलं, आणि ही औक्षणाचं ताट घेऊन! माझी एक मावशी "अगं, अगं," करत राहिली. चारूने कुणाकडे बघितलं नाही. तिने भाकरतुकडा ओवाळला, बोट कुंकवात बुडवलं आणि झेंड्यावर टेकवलं. चक्राच्या बरोबर वर, पांढऱ्यावर.

"तो घरी आलाय," ती म्हणाली.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "डाग लावलास तू झेंड्याला."

लोकांसमोर म्हणालो. त्या दिवशी म्हणालो. झेंड्यावर कसलीही खूण करायची नसते, हा नियम मला पाठ होता, आणि बायकोचं मन कसं राखायचं याचा नियम मला कुणी शिकवला नव्हता.

झेंडा एका सागवानी पेटीत ठेवला. दर महिन्याच्या अकरा तारखेला, तो गेला त्या तारखेला, चारू पेटी काढायची, झाकण उघडून समोर दिवा लावायची, थोडा वेळ बसायची. मी त्या वेळी बाहेर जायचो. तो डाग मला बघवत नाही, असं सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे झेंडाच बघवत नव्हता. पण झंडेवाल्या सरांना तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणून डागाचं नाव पुढे करायचो. माझा धाकटा भाऊ सुहास आला की त्याच्यापाशी तर हमखास करायचो ही तक्रार.

सुहास माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याला मी सायकल शिकवली, पोहायला शिकवलं आणि गच्चीवर जुनं धोतर घेऊन झेंड्याची घडीही शिकवली. या वर्षी सव्वीस जानेवारीला इथल्या मराठी मंडळाने फौजींच्या आईवडिलांचा सत्कार ठरवला. संयोजक सुहासच होता. आदल्या दिवशी तो घरी आला.

"दादा, वहिनी, एक दिवसासाठी अनयचा झंडा द्या ना. मंचावर टेबलावर ठेवू. फुलं वगैरे काही नाही, पेटी पण उघडणार नाही. प्रॉमिस."

चारू माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. चारूचा हात धरून मी मंचावर गेलो, शाल घेतली, खाली आलो. पेटी टेबलावर बंदच होती. तीन दिवसांनी सुहासने ती घरी आणून दिली. "हॉलवर राहिली होती यार," म्हणाला. मी उघडून बघितली नाही. भावाने आणून दिलेली वस्तू कोण तपासतं?

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला मी फिरून आलो तेव्हा पेटी बंद होती आणि दिवा लागलेला नव्हता. मार्चमध्ये पेटी बाहेर निघालीच नाही. चारूचं बोलणंही आटलं. 'जेवायला वाढलंय', 'दूध आलंय', 'तुमची गोळी राहिली' एवढंच. मला वाटलं, वय झालं. मला वाटलं, दुःख असं कधीतरी गोठतंच. आणि खोटं कशाला सांगू, अकरा तारखेला घराबाहेर जायची वेळ येईना, त्याचं मला थोडं बरंच वाटलं.

बारा ऑगस्ट हा अनयचा वाढदिवस. दरवर्षी ती शिरा करून पेटीपुढे ठेवायची. यंदा दुपारचे चार वाजले तरी स्वयंपाकघरात हालचाल नव्हती. मग मीच विचारलं, "आज शिरा नाही केलास?"

"कशापुढे ठेवू?"

"म्हणजे?"

"तुम्हाला हवं होतं तसं झालंय ना? झालं तर मग." ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. "धुवायचाच होता तर मला सांगून धुवायचा होतात. मी नाही म्हटलं नसतं. तुमच्यापुढे मी कधी नाही म्हटलंय?"

मी पेटी काढली. चार वर्षांत पहिल्यांदा झाकण उघडलं. घडी नीट होती, चक्र वर होतं आणि चक्राच्या वरचं पांढरं कोरं करकरीत होतं.

"चारू, मी हात नाही लावला याला."

तिने माझ्याकडे बघितलं. विश्वास नव्हता त्या नजरेत. सहा महिने ही बाई माझ्याशेजारी झोपत होती आणि मनात धरून होती की मी तिच्या मुलाच्या कपाळावरचं कुंकू पुसलं.  मी घडी मोडली. कापडाला नव्या खादीचा वास येत होता, आणि दोरीच्या पट्टीवर दुकानाचा निळा शिक्का होता. धुतलेला नव्हता तो. तो आमचा झेंडाच नव्हता.

"हा दुसराच आहे," मी म्हटलं. आणि दुसऱ्याच क्षणी मला कळलं की पेटी आपल्या घराबाहेर एकदाच गेली होती.

सुहासने फेब्रुवारीत फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत फौजभरतीचे क्लास सुरू केले होते. दोन जिने चढून जायचं आणि माझे गुडघे हे असे, म्हणून मी कधी गेलो नव्हतो. 'दादा, तू कशाला तकलीफ घेतोस,' असं तोही दर वेळी म्हणायचा. किती माया, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते दोन जिने चढलो. हातात पिशवी, पिशवीत तो नवा झेंडा.

दारातून आत गेल्यावर समोरच्या भिंतीवर काचेची मोठी फ्रेम होती. तिच्यात झेंडा. बाजूला अनयचा वर्दीतला फोटो, खाली पितळी पाटी: 'शहीद अनय यांच्या पार्थिवावरील तिरंगा'. आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात स्टिकर: 'नवीन बॅच सोमवारपासून. प्रवेश सुरू.'

मुलं-मुली वर्गात जात होती. प्रत्येक जण त्या फ्रेमसमोर थांबत होता, टाचा जुळवत होता, सलाम करून पुढे जात होता. एकाचीही मान वाकडी नव्हती. त्यांच्यावर मला रागावता येईना. उद्या यातलंही कुणी आपणहून जाणार. मी पण तिथे सावधान उभा राहिलो, आणि सुहास केबिनमधून बाहेर आला.

"दादा? दोन जिने चढलास? फोन करायचास ना, मीच आलो असतो."

"हा कुठला, सुहास?"

त्याने मला केबिनमध्ये नेलं, दार लावलं. "मी सांगणारच होतो. सच्ची. टाइमच नाही मिळाला यार."

"सहा महिने?"

"मागितला असता तर दिला असतास?"

"नाही."

"मग? तूच सांग, काय करायचं मी? पेटीत बंद पडून काय होत होतं त्याचं? तू तर बघत पण नव्हतास. इथे रोज दोनशे बच्चे सलाम करतात. आणि घरी दिला ना दुसरा. खादीचाच दिला, फालतू नाही आणला. झंडा तो झंडा असतो, दादा. तूच शिकवलंयस."

मी पिशवीतला झेंडा टेबलावर ठेवला. "बरोबर. मग हा लाव. तो उतरव."

"आत्ता? बच्चे आहेत..."

"आत्ता."

माझा आवाज शाळेच्या मैदानावरचा निघाला असावा. तो उठला. मुलं वर्गात गेल्यावर खुर्चीवर चढून त्याने स्वतःच्या हाताने फ्रेम काढली, मागची फळी उचकली. झेंडा बाहेर आला. आता घडी करायची, आणि झेंड्याची घडी एकट्याने होत नाही. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. ज्याच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटत होता, त्यालाच म्हणावं लागलं, "धर."

त्याने धरलं. आडवा ताणला. केशरी खाली, हिरवी खाली. मला काही सांगावं लागलं नाही. त्याच्या हातांना गच्चीवरचं सगळं आठवत होतं. याच हातांनी त्याने त्या खोट्या झेंड्याची घडी केली असणार, म्हणूनच ती इतकी अचूक होती. एकेक दुमड घालत तो माझ्याकडे आला आणि शेवटची घडी माझ्या तळव्यांवर पडली. चक्र वर आलं. त्याच्या वरचं पांढरं कोरं होतं.

"कुंकू कुठंय?"

"काय?"

"इथे कुंकू होतं, सुहास."

"ते होय? फ्रेमवाल्याकडे द्यायच्या आधी ड्रायक्लीनला दिला होता. डाग होता ना तो. काचेत बरा नसता दिसला."

मी त्याच्या थोबाडीत दिली असती. पण दोन्ही तळव्यांवर झेंडा होता.

"डाग?" एवढंच निघालं तोंडातून.

"तूच तर म्हणायचास, दादा!" त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "दर वेळी. 'हिने झेंड्याला डाग लावून ठेवलाय.' मी तर म्हटलं, चला, दादाचं टेन्शन गेलं."

जिना उतरताना कठड्याला धरता येत नव्हतं, हात भरलेले होते. गुडघ्यांनी काय केलं ते आठवत नाही. रिक्षात मी झेंडा मांडीवर ठेवला नाही, घरापर्यंत तसाच तळव्यांवर धरला. वाटेत ठरवलं की चारूला सगळं सांगायचं, फक्त सुहासचं ते 'तूच तर म्हणायचास' सांगायचं नाही.

ती दारातच होती. ताट नव्हतं. मी घडी पुढे केली, तिने दोन्ही हातांनी घेतली आणि अंगठा चक्राच्या वर फिरवला.

"हाच का?"

"हाच. सुहासने क्लासमध्ये लावला होता. ड्रायक्लीन करून."

 मी देवघरात गेलो, कुंकवाचा करंडा आणला, झाकण उघडून तिच्यापुढे धरला. नियम मला अजूनही पाठ होता. "लाव," म्हटलं. "लाव, चारू. मी काही म्हणणार नाही."

तिने करंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज कोण आलंय?" ती म्हणाली. "त्या दिवशी तो आला होता."

तिने माझ्या हातातल्या करंड्यावर झाकण ठेवलं.  मग विचारलं, "भावोजी त्या दिवशी दारात नव्हते. स्मशानात लाकडांपाशी थांबले होते, मागून आले. पेटी मी कधी कुणाला उघडून दाखवली नाही. तो डाग आहे, असं त्यांना कुणी सांगितलं?"

रस्त्यावर शाळेची मुलं पंधरा ऑगस्टच्या तालमीच्या घोषणा देत चालली होती. ती पुढे जाईपर्यंत मला वेळ होता, पण सांगण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही.

"मी," म्हटलं.

तिने मान हलवली. आत जाऊन झेंडा पेटीत ठेवला. त्या पेटीला कधी कुलूप नव्हतं. तिने ट्रंकेचं कुलूप काढून पेटीला घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

किल्ली अजून तिथेच असते. दर अकरा तारखेला दिवाही लागतो. आता मी बाहेर जात नाही, घरातच असतो, पण त्या खोलीचं दार ती आतून लावून घेते.