आमचा आवाज बंद करून दाखवा

पोपट गाडी चालवायला शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसून "क्लच, क्लच, अहो क्लच सोडा!" म्हणण्यात त्याची निम्मी जिंदगी गेली होती, पण पोपट हे नाव त्याहून जुनं. कॉलेजात तो एका बँडमध्ये रॅप करायचा. मागे गिटारचा दणदणाट आणि पुढे हा, श्वास न घेता बडबडणारा. धृपद आलं की दुसरा गायक माइक ओढून असा किंचाळायचा की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या धाडधाड बंद व्हायच्या. त्याचं नाव अर्थातच भोंगा. घरचे या संगीताला आदळआपट म्हणत, म्हणून या पठ्ठ्यांनी बँडचं नावच 'कानफाटे' ठेवून टाकलं.

आता त्यांचा ड्रमवाला पन्नाशीचा होत होता. वडिलांचं टायरचं दुकान सांभाळणाऱ्या त्या गृहस्थाने फोनवरून हुकूम सोडला, "रविवारी दुपारी दुकान बंद. एकच गाणं वाजवायचं. तेच."

तेच म्हणजे कुठलं, हे विचारायची गरज नव्हती. त्याचं धृपद एका ओळीचं होतं : आमचा आवाज बंद करून दाखवा!

"आणि भोंगा?" पोपटने विचारलं.

"त्यालाही बोलावलंय. ऐकायला."

गेल्या वर्षी भोंग्याच्या घशात गाठ निघाली होती आणि ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं होतं. तेव्हापासून पोपट त्याला भेटलाच नव्हता. एकदा तर तो दारापर्यंत जाऊन परत फिरला. ज्याच्याशी जन्मभर गप्पाच मारल्या, त्याच्यासमोर गप्प बसून करायचं काय, हे त्याला कळेना. आणि आता त्याच माणसापुढे ती ओळ म्हणायची, म्हणजे जखमेवर मीठच चोळायचं.

शनिवारी त्याने जुने फोटो काढले. मुलगी खांद्यावरून डोकावली आणि हसून हसून बेजार झाली. "बाबा, या पँटमध्ये तुमच्याबरोबर आणखी कोण कोण असायचं?" उलटी टोपी, पाकिटाला साखळी. पाकिटात बसच्या पासाशिवाय काही नसायचं, पण साखळी हवीच. "आणि एवढे चिडला होतात कुणावर?"

पोपटला आठवेना. बापावर? बाप बिचारा कामावरून येऊन कपाळाला बाम चोळत विचारायचा, "झाली का रे तालीम?" मग सरांवर? तेही त्याला वर्गात झोपू द्यायचे. राग कधीच विझून गेला होता आणि ते शब्द आता शिळे, जरा हास्यास्पदच वाटत होते. ठेका मात्र मांडीवर आपोआप पडत होता. काय सुख होतं त्या ओरडण्यात! त्या दिवसांची त्याला एकदम इतकी आठवण आली की फोटो पालथा घालावा लागला.

त्याने ठरवलं, धृपद आलं की आपण गप्प राहायचं, नुसती गिटार वाजू द्यायची. बाकीच्यांनाही त्याने तसं बजावलं.

रविवारी टायरच्या थप्प्या सारून ड्रम मांडले. पूर्वी तालीम इथेच व्हायची, आणि रबराचा तो वास अजून तस्साच होता. भोंगा बायकोबरोबर आला. पार वाळला होता, गळ्याला रुमाल होता.

"कसा आहेस?" पोपटने विचारलं आणि जीभ चावली.

भोंग्याने खिशातून दाढीच्या मशीनएवढं यंत्र काढलं, हनुवटीखाली टेकवलं आणि बटण दाबलं. ओठ हलले. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकावी तसा, चढउतार नसलेला आवाज आला. "येऊन बघायचं होतंस."

"चुकलंच रे," पोपट म्हणाला. आणि तो टायरांवर चहाचे कप मांडायला लागला.

"बोला हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "हे रोज तुमच्या नावाने खडे फोडतात. म्हणजे आठवण येतेच ना!"

गाणं सुरू झालं. गिटारवाल्याची बोटं गंजली होती, ड्रमवाल्याला धाप लागत होती, आणि पोपटचा दम तिसऱ्याच ओळीला संपला. पहिलं कडवं त्याने कसंबसं रेटलं. मग धृपद आलं आणि ठरल्याप्रमाणे तो माइकपासून मागे सरला. नुसती गिटार वाजत राहिली. दात पडलेल्या तोंडासारखं ते गाणं बोळकं वाटायला लागलं.

भोंगा खुर्चीतून उठला. त्याने माइक पूर्वीसारखाच खसकन ओढला आणि दुसऱ्या हाताने यंत्र गळ्याला लावलं.

"आमचा आवाज बंद करून दाखवा!"

ती घरघर दुकानभर घुमली. टायरांवर ठेवलेले चहाचे कप थरथरले. अगदी याच आवाजासाठी त्यांनी एके काळी सेकंडहँड पेटी आणली होती, माणसाचा आवाज यंत्रासारखा करणारी. तिच्यातून रेडिओवरच्या बातम्यांखेरीज कधी काही निघालं नाही. भोंग्याचे डोळे लकाकत होते. त्याने पुन्हा तीच ओळ म्हटली, पुन्हा एकदा, बरोब्बर ठेक्यावर.

आता पोपटचं दुसरं कडवं. ठेका आला आणि गेला. त्याने तोंड उघडलं, पण घशातून शब्द फुटेना. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या. ड्रमवाल्याने आठ्या घालून पुन्हा सुरुवातीपासून ठेका धरला. तोही निघून गेला.

भोंग्याने माइक पोपटच्या तोंडासमोर धरला आणि यंत्र परत हनुवटीखाली नेलं.

"अहो," तो म्हणाला, "क्लच सोडा."