सह्यांची अदलाबदल

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. माझ्या झाकणाची एक बिजागरी मोडली आहे, म्हणून काचेवर कागद ठेवला की झाकणावर एक जाडजूड शब्दकोश ठेवावा लागतो. दिवा मात्र अजून शाबूत आहे. त्याच्यापुढे जे येते ते मी जसेच्या तसे टिपतो.

कारखान्यातून खोक्यात बसून निघालो तो थेट या दुकानात आलो. इथे नोकरीचे अर्ज भरून देतात. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला दोन संगणक, मधे मी आणि दाराशी बाकडे. एका संगणकावर काका बसतात, दुसऱ्यावर काकू. मी नवा होतो तेव्हा काका मला रोज मऊ फडक्याने पुसायचे. "इतका स्वच्छ स्कॅन अख्ख्या बाजारात मिळणार नाही," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मला मूठभर मांस चढायचे. पुढे लोक मोबाइलवरच कागदाचे फोटो काढू लागले आणि माझ्या पाठीवर चहाचे कप आले. वाईट वाटायचे, पण बोलणार कुणाला? सरकारी नोकरीची जाहिरात निघाली, की मात्र सगळ्यांना माझी आठवण व्हायची.

अशीच एकदा प्रयोगशाळा सहायकांची जाहिरात निघाली. जागा अगदी मोजक्या. तो अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि मुदत संध्याकाळी सहाची. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत एक बहीणभाऊ होते. बहिणीला घरी सगळे छोटी म्हणत. कॉलेज संपले तरी नाव तेच राहिले होते. भाऊ वायरमन. त्याने स्वतः पूर्वी एक अर्ज शेवटच्या घटकेपर्यंत ठेवला होता आणि ऐनवेळी वेबसाइट बंद पडली होती. तेव्हापासून अर्ज म्हटले, की तो घाई करायचा.

छोटीच्या शेजारी बाकड्यावर चष्मा लावलेली एक मुलगी बसली होती. तीही त्याच जागेसाठी आली होती. काकूंनी दोघींना पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करायला लावली आणि दोन्ही कागद माझ्यावर एकामागून एक ठेवले. मी दोन्ही सह्या नीट टिपल्या. पण काकू घाईत होत्या. फायलींना त्यांनी 'सही एक' आणि 'सही दोन' एवढीच नावे दिली. कोणती कुणाची, हे डोक्यात ठेवले. आणि त्या दिवशी काकूंच्या डोक्यात बाजार भरला होता.

चष्मेवालीचा अर्ज काकूंनी भरला, पाठवला आणि ती हसत निघून गेली. छोटीचा अर्ज काकांकडे होता.

"झालं. दाबू का?" काकांनी विचारले.

"दाबा, दाबा," भाऊ म्हणाला.

"थांबा. मला एकदा वाचायचाय."

"अगं, वाचायला ती काय कादंबरी आहे?"

बाकड्यावर हशा पिकला. मग कुरकुर सुरू झाली. छोटीने तिकडे लक्ष दिले नाही. ती पडद्यावर वाकली. वर तिचा फोटो होता. फोटोखाली बघताच ती ताठ झाली.

"काका, ही माझी सही नाही."

काकांनी दुसरी फाइल उघडली. छोटीची सही तिथे होती. मग त्यांनी चष्मेवालीच्या अर्जाची प्रत उघडली. फोटो तिचा, सही छोटीची. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुझी सही आत्ता बदलून देतो," काका म्हणाले. "पण तिचा अर्ज गेलाय. सहापर्यंत दुरुस्ती करता येते, पण ओटीपी तिच्या नंबरवर जाणार."

नंबर तिच्या वडिलांचा होता. काकांनी लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"ते बस चालवतात हो," काकू रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "गाडीवर असले की फोन बॅगेत असतो. मघाशी तीच सांगत होती. साडेपाचला बाबांच्याच गाडीने घरी जाणार म्हणाली."

भावाने छोटीला बाजूला घेतले. बाजू म्हणजे माझ्या शेजारीच, म्हणून मला ऐकू आले.

"आपलं नीट होतंय ना? मग झालं. जागा किती आहेत, माहितीये ना तुला?"

"दादा, परीक्षेला तिची सही जुळली नाही, तर तिला सगळ्यांसमोर खोटी ठरवतील. आणि ती सही माझी आहे रे."

"अगं पण वेळ..."

"वाचल्याशिवाय माझा अर्ज पाठवू नकोस," असे म्हणत ती गर्दीतून वाट काढत स्टँडकडे पळालीसुद्धा.

मित्रांनो, नंतरचा वेळ कसा गेला ते माझे मला ठाऊक. काकांनी दुरुस्तीचे पान उघडून ठेवले. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिले. बाकड्यावरची माणसे घड्याळाकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघत होती. भाऊ दाराशी गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी तो छोटीच्या खुर्चीत बसला. तिची गुणपत्रिका मांडीवर घेऊन अर्ज वाचू लागला. नाव, जन्मतारीख, पत्ता... टक्केवारीवर त्याचे बोट थांबले.

"काका, हिला शहाऐंशी टक्के आहेत. इथे अडुसष्ट पडलेत."

"अरे देवा. आकडे उलटे पडले," काका म्हणाले.

मघाशी 'दाबा, दाबा' कोण म्हणाले होते, ते भावाला आठवले असावे. मग तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. छोटीला धाप लागली होती. "सापडले! पाठवा ओटीपी!"

नंतर कळले, की बस फाटकातून बाहेर पडत होती आणि ही दोन्ही हात पसरून पुढे उभी राहिली. ड्रायव्हर ओरडले, "जीव वर आलाय का?" तेवढ्यात खिडकीतून त्यांच्या मुलीने हिला ओळखले.

काकांनी ओटीपी पाठवला. तिकडून ड्रायव्हर खड्या आवाजात एकेक आकडा सांगू लागले. मागे प्रवाशांचा गलका चालला होता. काकांनी आकडे भरले. पडदा म्हणाला, ओटीपीची मुदत संपली. काकांच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी पुन्हा पाठवला. या वेळी पान पुढे सरकले. सही बदलली. मग छोटीचा स्वतःचा ओटीपी तिच्या मोबाइलवर गेला आणि तिने तो तिथूनच सांगितला. चक्र फिरले, थांबले, पुन्हा फिरले. बाहेर सहाचा भोंगा वाजला, तेव्हा पडद्यावर 'अर्ज स्वीकारला' ही अक्षरे नुकतीच उमटली होती. भावाने माझ्यावरच्या शब्दकोशावर डोके टेकले.

छोटी परत आली ती अंगठा तुटलेली चप्पल हातात धरून. भाऊ खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "बस. तुझे टक्के मी दुरुस्त केलेत."

निकाल लागला. चष्मेवालीची निवड झाली. छोटी प्रतीक्षा यादीत राहिली आणि ती यादी पुढे सरकलीच नाही. मला धास्ती होती, भाऊ आता तिला बोलणार. तो बोलला नाही. महिन्याभराने दुसरी जाहिरात निघाली, तेव्हा पहिल्याच दिवशी तो तिला घेऊन दुकानात हजर झाला.

त्या दिवशी ड्रायव्हरही ड्युटी संपवून आले. लेक नोकरीवर रुजू झाली होती. त्यांनी स्टूल ओढले, खिशातला चष्मा काढला आणि छोटीचा अर्ज बोट ठेवून वाचायला घेतला.

"काका, दाबायचं का?" भावाने ड्रायव्हरना विचारले.

"थांब रे. सगळे चढल्याशिवाय गाडी सोडत नसतात."

छोटी खळखळून हसली. ड्रायव्हर हसले नाहीत. त्यांचे वाचन चालू होते. त्या अर्जाचा निकाल अजून लागायचा आहे.

मित्रांनो, मी तर एक यंत्र. पुढ्यात येईल ते टिपतो. कोणती सही कुणाची, हे माझ्या काचेला कळत नाही. ते माणसांनीच बघायचे असते. म्हणून शेवटचे बटण दाबण्याआधी आपला अर्ज शांतपणे वाचा, आणि वेळ उरला तर शेजारी बसलेल्याचाही.