साडेचारच्या फटफटवीराबाबत

विषय : विरंगुळा केंद्रात दुपारी साडेचार ते पाच या वेळेत ‘फटफटवीर’ ही कार्टून मालिका पूर्ववत दाखवण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : केंद्राचे सचिव श्री. खंडेराव यांचा दि. १२ ऑगस्टचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून मी, सदर केंद्राचा बत्तीस इंची टीव्ही, बोलतोय. भाषा कार्यालयीन वाटली तर क्षमा असावी. सात वर्षं निवृत्त माणसांसमोर टांगलेला असल्यावर दुसरी कुठली भाषा येणार?

माझं बालपण दुकानात गेलं. तिथे मी दिवसभर धबधबे आणि पोपट दाखवायचो. मग एका स्थानिक पुढाऱ्याने मला सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या ज्येष्ठांना भेट दिलं आणि माझ्या डाव्या कोपऱ्यात स्वतःचा हात जोडलेला फोटो चिकटवला. मला लोखंडी पेटीत बसवून कुलूप घातलं. किल्ली सचिवांकडे.

माझ्यापाठोपाठ वरच्या कार्यालयातून एक रजिस्टर आलं. दाखवलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची त्यात नोंद करायची. रकाने तीन : धार्मिक, प्रबोधनपर, आरोग्यविषयक. केंद्राचं नाव विरंगुळा, पण विरंगुळा लिहायला जागा नव्हती.

सकाळी मी कीर्तन लावायचो, तेव्हा सगळे डुलकी घ्यायचे. दुपारी चर्चा लावायचो, तेव्हा सगळे भांडायचे. माझ्यातली माणसं घरी गेली तरी समोरची चालूच. या सगळ्यात भिकननाना तेवढे गप्प. चौतीस वर्षं कारखान्यात प्रेस मशीनवर काढली, ऐकू येणं तिथेच संपलं. तीन वर्षांपूर्वी बायको गेली आणि बोलणंही संपलं.

गेल्या वर्षी धोंडाबाई रिमोटवर बसल्या. त्या वणीच्या, इथे लेकीकडे असतात. चॅनल बदललं. गुडघ्यांमुळे त्यांना लगेच उठता येईना, आणि त्या उठेपर्यंत फटफटवीर अर्धा होऊन गेला.

हा फटफटवीर दिवसा पोस्टात शिक्के मारतो. संकट आलं की उडतो, पण उंचीची भीती असल्यामुळे डोळे मिटून. उडताना आवाज जुन्या स्कूटरचा. त्याचा वैरी डॉक्टर खवचट हा अख्ख्या शहराचा चहा गार करायच्या मागे असतो. ऐन वेळी त्याच्या आईचा फोन येतो आणि तो जेवायला घरी जातो. सोमवारी कोसळलेला पूल मंगळवारी जागेवर असतो. कोणी मरत नाही, त्यामुळे चौकशी समितीही नेमावी लागत नाही.

त्या दिवशी फटफटवीर विजेच्या तारेला उलटा लटकला आणि लटकल्या लटकल्या त्याने उरलेल्या पाकिटांवर शिक्के मारले. एकदम मोठा आवाज झाला. मला वाटलं, माझाच स्पीकर गेला. भिकननाना हसत होते. सगळे मला सोडून त्यांच्याकडे बघू लागले.

“बातम्यांत निस्ती तोंडं हलतात,” नाना डोळे पुसत म्हणाले. “ह्याच्यात काहीतरी घडतं.”

दुसऱ्या दिवशी साडेचारला एकही खुर्ची रिकामी नव्हती. अडचण आली ती रजिस्टरची.

“काय लिहू?” खंडेरावांनी पेनचं टोपण काढलं.

“कार्टून लिहा की,” धोंडाबाई म्हणाल्या.

“मावशी, हे वरती वाचतात. सत्तरीची माणसं कार्टून बघतात, असं मी माझ्या अक्षरात लिहू?”

“मग देवाचं लिहा. उडतो तर हाय तो.”

खंडेराव निवृत्त हेडक्लार्क. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एक शेरा नाही. त्यांनी बराच विचार करून ‘आरोग्यविषयक’खाली बरोबरची खूण केली. “हसल्याने रक्ताभिसरण सुधारतं,” ते म्हणाले, “कुठेतरी छापून आलंय.” मग खुर्ची भिंतीकडे तिरकी करून बसले. “मी बघत नाही. कानावर पडतं तेवढंच.” पण डॉक्टर खवचट पाठीमागून आला, तेव्हा “अरे गाढवा, मागे बघ!” असं ओरडलं कोण, ते मला माहीत आहे. माझं तोंड त्यांच्याकडेच असतं.

असे बरेच महिने सुखात गेले. नाना हसता हसता बोलू लागले, बोलता बोलता भांडूही लागले. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं.

जुलैमध्ये तपासणीला योगिनी मॅडम आल्या. त्यांनी रजिस्टर चाळलं. “आरोग्यविषयक दोनशे नव्वद? काका, एवढी जागरूकता मी कुठेच पाहिली नाही हो!”

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता. खंडेराव म्हणाले, “सभासदांना आवड आहे, मॅडम.”

आवडीची दखल घेतली गेली. पंधरा दिवसांत आदेश आला, सोबत एक पेन ड्राइव्ह. या केंद्रात रोज साडेचार ते पाच आरोग्य व्याख्यान दाखवावं, हजेरीच्या सह्या घ्याव्यात. त्याच दुपारी मी ‘बद्धकोष्ठता : कारणे व उपाय, भाग पहिला’ लावला. एकूण भाग एकशे ऐंशी. पडद्यावर एक गृहस्थ बसतात आणि त्यांचं तोंड हलतं.

नानांनी पाच भाग सोसले. सहाव्या दिवशी आले नाहीत. सातव्या दिवशी धोंडाबाई त्यांच्या घरी जाऊन आल्या.

“भाऊसाहेब, नाना भिंतीकडं तोंड करून बसलेत. सून जेवायला उठवती तर मान नाय वळवत. लय दिसांनी माणूस बोलाया लागला व्हता.”

“मी काय करणार? आदेश आहे.”

“आदेश तुमच्याच अक्षरानं आणलाय.”

कोणीतरी सुचवलं, पेन ड्राइव्ह बिघडला म्हणून कळवा. दुसरा म्हणाला, टीव्हीच बिघडला म्हणा. माझं मत कोणी विचारलं नाही. खंडेरावांनी तीन कागद फाडले. चौथा पूर्ण केला आणि उभं राहून वाचून दाखवला :

“आरोग्यविषयक या रकान्यातील २९० नोंदी माझ्या हस्ताक्षरातील असून त्या सर्व ‘फटफटवीर’ या कार्टूनच्या आहेत. सदर कार्टून मी स्वतः नियमित पाहत होतो. सभासद श्री. भिकन यांना ऐकू येत नाही, त्यामुळे व्याख्यान त्यांच्या उपयोगाचे नाही. फटफटवीर त्यांना समजतो. सबब विनंती.”

खाली सही. छत्तीस वर्षं जपलेली.

उत्तर लवकर आलं, हे नमूद केलं पाहिजे. सदर कार्यक्रम धार्मिक, प्रबोधनपर व आरोग्यविषयक यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो ते स्पष्ट करून अर्ज फेरसादर करावा. तसेच चुकीच्या नोंदींबाबत सचिवांनी खुलासा द्यावा. खंडेरावांनी खुलासा दिला. फेरअर्जात प्रकाराबाबत लिहिलं, “कोणत्याच नाही.” मग अर्जाची प्रत घेऊन ते नानांच्या घरी गेले. धोंडाबाई सांगतात, नानांनी ती दोनदा वाचली आणि चप्पल घातली.

हल्ली नाना पुन्हा येतात. साडेचारला दारात उभे राहून खंडेरावांना विचारतात, “आलं का?” खंडेराव नकारार्थी मान हलवतात, म्हणजे नानांना दिसावं. मग दोघं व्हरांड्यात बसतात. आत मी भाग पन्नासावा दाखवतो. समोर हजेरीच्या सह्या असतात, माणसं व्हरांड्यात.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या टेबलावर तो कागद आला, तर त्याने वर-खाली न पाठवता तिथेच सही करावी, एवढीच माझी विनंती आहे. फेरअर्ज आवक क्रमांक ४१७ वर नोंदवला गेला आहे. आज चाळीस दिवस झाले. अर्ज विचाराधीन आहे.